आधी पाणी, मग फडकं: घरच्या घरी गाडी धुणाऱ्या नवशिक्यांसाठी

गाडी घेतल्यावर पहिले तीन महिने मी ती रोज सकाळी पुसायचो. बाबांचा जुना बनियन, मऊ सुती, स्वच्छ धुतलेला. गाडी काळी, त्यामुळे धूळ लगेच दिसायची आणि हात लगेच शिवशिवायचे. एका रात्री पेट्रोल पंपावर रांगेत उभा होतो. वर पांढरे एलईडी दिवे. सहज बॉनेटकडे लक्ष गेलं आणि पोटात गोळा आला. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे उमटले होते. कुणा पोराने किल्लीने काढलेले नव्हते. माझेच होते, रोज थोडे थोडे.

झालं काय होतं? गाडीच्या रंगावर सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो. पेंटर लोक त्याला नुसतं ‘क्लिअर’ म्हणतात. तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. आपल्या रस्त्यावरची धूळ म्हणजे पिठासारखी मऊ पूड नव्हे. तिच्यात दगडाची कच असते, सिमेंट असतं, वाळू असते. त्यावर कोरडं फडकं फिरवलं की ते पॉलिश पेपरचं काम करतं, मग फडकं कितीही मऊ असो. म्हणून या लेखातलं एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुरे: पाण्याने धूळ सुटल्याशिवाय गाडीला फडकं लावायचं नाही.

काय काय लागेल

दोन बादल्या. एक नाही, दोन. का ते पुढे येईलच. कार शॅम्पूची बाटली, धुण्यासाठी मायक्रोफायबरचे (अगदी बारीक कृत्रिम धाग्यांच्या मऊ कापडाचे) दोन हातमोजे, पुसण्यासाठी एक मोठा जाड टॉवेल आणि चार-पाच साधे मायक्रोफायबर कपडे. चाकांसाठी वेगळा ब्रश आणि वेगळं फडकं. आतल्या एसीच्या जाळ्या साफ करायला रंगाच्या दुकानातला एक इंची मऊ ब्रश. घरात व्हॅक्युम क्लीनर असेल तर उत्तम. एवढ्यावर पहिले सहा महिने आणखी कशाची गरज पडत नाही. ऑनलाइन मिळणारा ‘अठरा वस्तूंचा किट’ घेऊ नका, त्यातल्या बारा वस्तू डिकीत पडून राहतात.

भांडी घासायचा साबण चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. तेल आणि ओशटपणा काढण्यासाठीच तो बनवलेला असतो, त्यामुळे गाडीवरचं वॅक्सही (रंगाच्या संरक्षणासाठी लावलेला मेणाचा थर) तो काढून टाकतो. अडीअडचणीला एकदा वापरलात तर गाडी खराब होत नाही, पण सवय लावू नका. कपड्यांची पावडर तर नकोच. आणि जुने ड्रायव्हर गाडी चमकवायला रॉकेल किंवा डिझेलचा हात फिरवायचे, तो प्रकार आता विसरा. चमक येते ती तेलाच्या पापुद्र्याची, त्यावर दुपारपर्यंत दुप्पट धूळ बसते आणि दारांचं रबर बिघडतं ते वेगळंच.

पाणी कुठलं?

यावर कुणी फार बोलत नाही, पण आपल्याकडे निम्मा खेळ पाण्याचाच आहे. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. ते गाडीवर वाळलं की पाणी उडून जातं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे उरतात. तेच ते पांढरे गोल डाग. गडद रंगाच्या गाडीवर आणि काचेवर ते जास्त दिसतात. धुताना ते पाणी चालतं, फक्त गाडीवर वाळू द्यायचं नाही.

पाणी वाया जाऊ नये म्हणून पुष्कळजण आरओ फिल्टरचं बाहेर टाकलेलं पाणी साठवून गाडी धुतात. हेतू चांगला, पण त्या पाण्यात क्षार नळापेक्षाही जास्त असतात. चाकं आणि मडगार्डच्या आतली माती काढायला ते वापरा, शेवटच्या पाण्याला नको. शेवटच्या पाण्यासाठी त्याहून चांगली वस्तू घरातच असते, ती म्हणजे एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी. ते हवेतल्या बाष्पाचं झालेलं असतं, त्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात. उन्हाळ्यात मी गॅलरीत नळीखाली बादली ठेवतो. शेवटी गाडीवर एक-दोन तांबे ते पाणी ओतलं की डागांची कटकट संपते.

सोसायटीत पाइप लावायला बंदी असेल तर शेतीचा फवारणी पंप आठवा. पाठीवरचा १६ लिटरचा पंप कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतो. हाताने दाब भरायचा दोन लिटरचा छोटाही चालतो. बादलीतून मगाने पाणी ओतण्यापेक्षा यात पाणी कमी लागतं आणि धूळ जास्त सुटते. फक्त पंप नवा घ्या. गावाकडून तणनाशक मारलेला पंप उचलून आणू नका, एका ओळखीच्यांनी आणला होता आणि सोसायटीच्या बागेतली अर्धी झाडं माना टाकून बसली.

आधी आतून

बरेचजण बाहेरून सुरुवात करतात. मी आतून करतो, कारण मॅट झटकल्या की उडालेली धूळ ओल्या गाडीवरच बसते.

सगळं सामान बाहेर काढा. टोलच्या पावत्या, शेंगांची टरफलं, सीटखाली गेलेली पाण्याची बाटली. ही बाटली कधी ब्रेकच्या पेडलखाली घरंगळू शकते, त्यामुळे ती काढणं केवळ स्वच्छतेचं काम नाही. मॅट काढून बाहेर झटका. मग व्हॅक्युम वरून खाली: आधी डॅशबोर्डच्या फटी, मग सीट, शेवटी तळ. एसीच्या जाळ्यांवर एका हाताने रंगाचा ब्रश फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने व्हॅक्युमचं तोंड शेजारी धरायचं, म्हणजे धूळ उडण्याआधीच ओढली जाते.

डॅशबोर्डला ओलसर, घट्ट पिळलेलं मायक्रोफायबर पुरतं. क्लीनर वापरायचा तर तो कपड्यावर फवारा, बटणांवर किंवा स्क्रीनवर थेट नाही. स्टीअरिंग गुळगुळीत चमकत असेल तर ती नवेपणाची चमक नसते, हाताचा घाम आणि तेल असतं. शॅम्पूच्या सौम्य पाण्याने दोन-तीनदा पुसलं की ते पुन्हा मूळच्यासारखं मंद दिसायला लागतं. खोबरेल तेल किंवा चकचकीत डॅशबोर्ड पॉलिश लावू नका. दुपारी त्याचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडतं आणि समोरचं नीट दिसत नाही.

कापडी सीटवर डाग असेल तर शॅम्पूचा फक्त फेस घ्या, ब्रशने हलकेच घासा आणि लगेच कोरड्या कपड्याने टिपून घ्या. सीटवर पाणी ओतायचं नाही. आतला फोम स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो आणि चौथ्या दिवशी कुबट वास सुटतो. सीटखाली वायरी आणि त्यांचे जोड असतात. त्यातले पिवळे जोड बहुधा एअरबॅगचे असतात, त्यांना ओढू नका, भिजवू नका.

कोकणातून आल्यावर मॅटवर लाल माती असेल तर ओल्या फडक्याच्या मोहात पडू नका. ती जांभ्या दगडाची माती, लोहाने भरलेली. ओली घासली की कार्पेटच्या धाग्यात शिरते आणि फिकट कापडावर नारिंगी छटा कायमची बसते. पूर्ण वाळू द्या, कोरड्या ब्रशने झाडा, व्हॅक्युम करा, आणि त्यानंतरच पाणी.

आता बाहेरून

वेळ सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. गाडी सावलीत आणि बॉनेट हाताला गार लागेल अशी. तापलेल्या पत्र्यावर शॅम्पू क्षणात वाळतो आणि त्याचे ओघळ डाग बनून बसतात.

चाकं पहिली. त्यांच्यावर सगळ्यात जास्त घाण असते आणि धुताना ती आजूबाजूला उडते, म्हणून ती उरकूनच बॉडीकडे वळायचं. नुकतेच घाट उतरून आला असाल तर थोडं थांबा, तापलेल्या ब्रेक डिस्कवर (चाकामागच्या लोखंडी तबकडीवर) गार पाणी मारायचं नाही. चाकावरची काळी-तपकिरी पूड ब्रेकमधून निघालेल्या लोखंडाचे कण असते. ती साध्या शॅम्पूने निघाली नाही तर ‘आयर्न रिमूव्हर’ मिळतो. फवारला की लोखंडाशी संयोग होऊन जांभळे ओघळ वाहायला लागतात. पहिल्यांदा बघणारा दचकतो, कारण वासही कुजक्या अंड्यासारखा असतो. त्यालाही चाकावर वाळू द्यायचं नाही.

मग पूर्ण गाडी वरून खाली नुसत्या पाण्याने भिजवा. घाई करू नका. पाच मिनिटं भिजू द्या, पुन्हा पाणी मारा. जेवढी धूळ हात न लावता जाईल तेवढा फायदा तुमचा.

आता दोन बादल्या. एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. शॅम्पू किती, ते बाटलीवर लिहिलेलं असतं. ‘थोडा जास्त घालू’ म्हणून काही साधत नाही, फक्त फेस काढायला पाणी जास्त लागतं. हातमोजा शॅम्पूत बुडवा, गाडीचा एक भाग धुवा. एक भाग म्हणजे एक दार, किंवा अर्धं बॉनेट. मग मोजा साध्या पाण्यात बुडवून चांगला चोळा, पिळा, आणि त्यानंतरच परत शॅम्पूत. अर्धी गाडी झाल्यावर साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी बघा. करडा गाळ साचलेला दिसेल, बोटाने चोळून पाहिलात तर करकरतो. एकच बादली असती तर हा गाळ मोज्यातून परत गाडीवर फिरला असता. मला दोन बादल्यांचं महत्त्व सांगून पटलं नव्हतं, तो गाळ बघून पटलं.

क्रम छत, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग, आणि खालच्या पट्ट्या व बंपर सगळ्यात शेवटी. हात सरळ रेषेत फिरवा, गोल नाही. आणि जोर द्यायचा नाही, मोज्याच्या स्वतःच्या वजनाने जेवढं निघेल तेवढं पुरे. मोजा जमिनीवर पडला तर झटकून पुन्हा वापरू नका, बाजूला टाका आणि दुसरा घ्या.

पक्ष्यांची विष्ठा, हायवेवर बंपरला चिकटलेले किडे, मोहराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावली की पडणारा तो चिकट थर (तुडतुड्यांच्या अंगातून पाझरणारा गोडसर रस असतो तो) ही सगळी मंडळी घासून काढायची नसतात. ओला कपडा त्यावर दहा मिनिटं ठेवायचा, मऊ झालं की उचलून घ्यायचं. विष्ठेला मात्र रविवारची वाट पाहायला लावू नका. ती आम्ल असते, आणि उन्हात तापलेल्या क्लिअरमध्ये तिचा ठसा कायमचा उमटतो.

शेवटचं पाणी मारलं की लगेच पुसायला घ्या. मोठा टॉवेल बॉनेटवर पसरा आणि दोन टोकं धरून हळूच ओढा. घासायचं नाही, टॉवेलला पाणी पिऊ द्यायचं. दारं उघडून आतल्या कडा पुसा. आरशांच्या फटीतून दहा मिनिटांनी पुन्हा पाणी ओघळतं, तिथे परत एक हात फिरवा. हे सगळं झालं की गाडी काढून एक चक्कर मारा, दोन-चारदा ब्रेक दाबा. ओल्या डिस्क तशाच ठेवल्या तर सकाळी त्यांच्यावर गंजाचा पातळ थर असतो.

फक्त दोन बादल्या पाणी असेल तेव्हा

उन्हाळ्यात दिवसाआड पाणी येतं तेव्हा गाडी धुताना शेजाऱ्यांच्या नजरेला नजर देववत नाही. अशा वेळी ‘रिन्सलेस वॉश’ नावाचं द्रावण उपयोगी पडतं. बादलीभर पाण्यात बाटलीवरच्या प्रमाणात घालायचं, त्यात मायक्रोफायबर कपडे भिजत टाकायचे. ते धुळीच्या कणांना वंगणासारखं वेढून घेतं आणि नंतर पाणी मारावं लागत नाही. कपड्याची चौघडी करा, म्हणजे आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक बाजू एका भागावर एकदाच. आठ संपल्या की पुढचा कपडा. चिखल असेल तर मात्र हा उपाय चालत नाही, आधी पंपाने चिखल उतरवावाच लागतो.

डिटेलिंग म्हणतात ते: धुण्यानंतरची बारीक कामं

धुतलेल्या गाडीवर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं हळूच फिरवा. नुसत्या बोटांना न जाणवलेला खरखरीतपणा पिशवीतून चटकन कळतो. हे रंगात रुतलेले कण: ब्रेकची पूड, डांबराचे थेंब, शेजारच्या इमारतीच्या रंगकामाचे शिंतोडे. यासाठी क्ले मिळते, लहान मुलांच्या खेळण्यातल्या मातीसारखी. भरपूर पातळ शॅम्पूचं पाणी फवारून ती हलक्या हाताने सरकवायची. सुरुवातीला अडखळते, मग लोण्यासारखी फिरते. काळी झाली की घडी घालून नवी बाजू घ्या. जमिनीवर पडली तर पैशाकडे न बघता फेकून द्या. वर्षातून एक-दोनदा पुरे.

ओरखडे काढायचं पॉलिश हा वेगळा विषय आहे. पॉलिश ओरखडा भरत नाही, आजूबाजूचं क्लिअर घासून त्याच्या पातळीला आणतं. म्हणजे दर वेळी त्या ४०-५० मायक्रॉनमधले थोडे खर्ची पडतात. मशीन भाड्याने आणून नव्या गाडीवर हात साफ करू नका. मी माझं ते ओरखड्यांचं जाळं काढायला जाणत्या माणसाकडे गेलो, आणि तेही एकदाच.

वॅक्स मात्र बिनधास्त घरी लावा. कपाळाला गंध लावतो तेवढंच घ्यायचं आणि एक एक भाग करत अगदी पातळ पसरायचं. जाड थराने संरक्षण वाढत नाही, फक्त पुसताना खांदे दुखतात. पांढुरकं झालं की बोट फिरवून बघा, स्वच्छ निघालं तर पुसायची वेळ झाली. काळ्या प्लास्टिकला लागू देऊ नका, तिथे पांढरे डाग राहतात. आधीच पेंटरची कागदी पट्टी चिकटवा. आपल्या उन्हात वॅक्स दोन-एक महिने टिकतं. गाडीवर पाण्याचे मोती व्हायचे थांबले की परत लावा.

काचांना एक सोपी युक्ती. बाहेरून उभे हात फिरवा आणि आतून आडवे. मग ओघळ उरलाच तर तो काचेच्या कुठल्या बाजूला आहे ते लगेच कळतं. मागच्या काचेवर आतून बऱ्याच गाड्यांत तापणाऱ्या तारांच्या रेषा असतात, तिथे रेषांच्या दिशेनेच पुसा. वायपरचं रबर ओल्या कपड्याने पुसलंत तर कपड्यावर येणारा काळा पट्टा बघून पुन्हा कधी विसरणार नाही.

पावसाळा संपला की

दसऱ्याच्या आधीची धुलाई थोडी मोठी करा. बॉनेट उघडून पुढच्या काचेच्या बुडाशी, वायपरच्या जाळीत अडकलेला पाला काढा. तो कुजून पाण्याची वाट बंद करतो आणि पाणी गाडीत शिरतं. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात, ती खराट्याच्या काडीने मोकळी करा. इंजिनवर पाइप किंवा प्रेशर मारू नका, गार इंजिन ओलसर कपड्याने आणि ब्रशने पुसलं की झालं. एसीला कुबट वास येत असेल तर केबिन फिल्टर (आत येणाऱ्या हवेतली धूळ अडवणारी जाळी) बघा. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि हाताने निघतो. पुढे वास येऊ नये म्हणून घर जवळ आलं की शेवटची दोन मिनिटं एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, आतली कॉइल वाळते.

सकाळी गाड्या पुसायला येणाऱ्या काकांशीही एकदा बोला. एकच बादली, एकच फडकं आणि बारा गाड्या, यात त्यांचा दोष नाही, त्यांना आपण तेच काम दिलेलं असतं. मी त्यांना सांगितलं, पैसे तेवढेच देतो, रोज पुसू नका, आठवड्यातून एकदा माझ्या बादल्यांनी धुवा. त्यांना आधी पटेना. “साहेब, धूळ दिसली की मॅडम ओरडतील ना?” मॅडमना मी समजावलं.

राहिली दसऱ्याची पूजा. झेंडूचा हार दोऱ्यात ओवलेला घ्या, तारेतला नको, वाऱ्याने हलून तार ग्रीलवर चरे पाडते. फुलं कोमेजून पत्र्याला चिकटायच्या आत, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हार उतरवा. हळदीचा पिवळा डाग राहिला तर घासत बसू नका, गाडी दोन दिवस उन्हात लावा, हळद उन्हाने उडते. कुंकवाचं तसं नाही. त्यात रंग मिसळलेला असेल तर पांढऱ्या गाडीवर गुलाबी छटा महिनाभर हलत नाही. आमच्याकडे आता आई स्वस्तिक बॉनेटवर न काढता पुढच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात काढते. काचेवरचं कुंकू एका पुसण्यात जातं.